तिनं हाक मारायला हवी होती

३ मार्च

मुंगे,

अक्षर वाकडं आलंय त्याकडे बघू नकोस. तब्येत बरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर दुसरी ओळ वाचायच्या आत तू गाडीत बसशील. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरतो. माझं मन हल्ली त्यात काही चांगलं भरत नाही.

घरात चोरी झाली. भरदुपारी, मी घरात असताना. बेल वाजली, दारात एक माणूस. हातात पान्यांची पिशवी, खिशाला बिल्ला. "आजोबा, पाण्याचं मीटर बघायचंय." मी म्हटलं, या. ऊन फार होतं म्हणून वर त्याला पेलाभर पाणी दिलं. तो प्यायला, पेला नीट मोरीत ठेवला, आणि "मीटर कुठेय, दाखवा" म्हणून मला न्हाणीघरात पुढे केलं. मी आत गेलो, त्यानं बाहेरून कडी घातली.

मी बादली पालथी घालून बसलो आणि माझंच घर उपसलं जात असल्याचे आवाज ऐकत राहिलो. ओरडलो नाही. भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज वाटत होती. कसली लाज, ते मला अजून कळलेलं नाही.

रेडिओ नेला. आणि खणातलं तुझ्या मामीचं मनगटी घड्याळ नेलं. बंद होतं ग ते. ती गेल्यापासून मी किल्लीच दिली नव्हती.

सोडवलं ते खालच्या इस्त्रीबाईनं. तुला आमची रीत माहीत नसेल. न्हाणीघरातला पाण्याचा पाइप खालून, तिच्या इस्त्रीच्या दुकानातून वर येतो. मागे मी तापानं फणफणून पडलो होतो आणि कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून ठरलंय, सकाळी उठलो की मी चमच्यानं त्या पाइपावर ठोकायचं, तिनं खालून ठोकायचं. म्हणजे दोघंही आहोत. त्या दिवशी भलत्या वेळी मी लोट्यानं पाइप बडवला, तर ती जादा किल्ली घेऊन धावत वर आली. कडी काढली आणि म्हणते, "काय बाइंडर, न्हाणीघरात भजनाला बसलात होय?" मग माझा चेहरा पाहिला आणि मला हाताला धरून बाहेर आणलं.

नंतर हवालदार आला. दार का उघडलंत? ओळखपत्र का नाही पाहिलंत? या वयात एकटे का राहता? पाणी कशाला दिलंत? चोर उंच होता की बुटका, हे त्यानं जाता जाता, जिन्यावरून विचारलं. मुंगे, मला तर वाटायला लागलं की चोरी मीच केली.

तू कॉलेजात हेच शिकवतेस ना? ज्याचं चोरीला जातं, ज्याला मार बसतो, त्याच्याबद्दलही शास्त्र असतं असं तू एकदा म्हणाली होतीस. मग त्यात बघून सांग. मीच का? गल्लीत इतकी घरं आहेत, माझंच का? सोपं करून लिही. माझी शाळा सहावीत सुटली. पुढे जन्मभर पुस्तकं शिवली, पण त्यांत पाहिलं ते एवढंच की पानं ओळीनं लागली आहेत की नाही.

तुझा मामा

९ मार्च

मामा,

तुझी चूक नव्हती. हे आधी वाच, परत वाच, मग पुढे जा.

आता शास्त्र. गुन्ह्याचा विचार करणारे लोक फार वर्षं फक्त गुन्हेगाराकडे बघत होते. मग कुणीतरी खुनांचे पोलिसी कागद चाळले आणि सांगितलं, बऱ्याच भांडणांत मेलेल्यानंच आधी हात उगारला होता. एवढ्यावरून लोक सुटले! बळी पडणारा माणूस गुन्हा स्वतःच ओढवून घेतो, असा सिद्धान्त झाला आणि तो नको तिथे, नको त्या बायकांवर, नको त्या गरिबांवर लावला गेला. आज त्याला कुणी फारसं विचारत नाही. तुझ्या हवालदारानं तो वाचलेला नाही, पण बोलतो तोच.

दुसरे म्हणतात, माणूस कसा जगतो, कुठे जातो, कोणात वावरतो, त्यावर धोका कमी-जास्त होतो. तिसरे म्हणतात, जागाच तशी असते, तिथे सज्जनही लुटला जातो.

आणि एक सिद्धान्त आहे रोजच्या दिनक्रमाचा. गुन्हा व्हायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात. करायला तयार असलेला माणूस, सहज हाती लागण्यासारखं लक्ष्य, आणि राखणाऱ्याची गैरहजेरी. राखणारा म्हणजे पोलीसच असं नाही. यातली एक गोष्ट जरी नसली तरी गुन्हा होत नाही.

सोबत माझ्या पुस्तकाच्या एका प्रकरणाची सुटी पानं पाठवतेय. झेपेल तेवढं वाच. आणि बाइंडरच आहेस, तर शिवूनही ठेव.

इस्त्रीबाईंना माझा नमस्कार. भजनाचं वाचून मी एकटीच हसले, मग रडले.

मुंगी

१५ मार्च

मुंगे,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्या ओळीत म्हणतेस माझी चूक नव्हती, आणि पुढच्या पानावर मला लक्ष्य म्हणतेस, तेही सहज हाती लागण्यासारखं. हवालदार निदान तोंडावर बोलला. रागावू नकोस, म्हाताऱ्याला टोचतं ते बोलून दाखवावंसं वाटतं.

तुझी पानं वाचतोय. एका पानावर अडकलो. तू लिहिलंयस की ज्या घरात एकदा चोरी होते त्या घरात पुन्हा होण्याचा संभव जास्त, आणि तीही लवकर, आणि बरेचदा तोच माणूस परत येतो. कारण त्याला वाट माहीत झालेली असते आणि काय उरलंय तेही. हे वाचलं आणि उठून दाराची कडी बघून आलो. त्यानं सगळं पाहिलंय ग. लोखंडी पेटी पाहिली, माझी अवजारं पाहिली. मी एकटा आहे हे पाहिलं. पेला कुठे ठेवायचा हेसुद्धा त्याला कळलं.

कुलूप बदललं. दाराला साखळी बसवली. खिडकीला जाड पडदा लावला, आता घरात दिवसा दिवा लागतो. काल बेल वाजली, विचारलं कोण, तर उत्तर नाही. पावलं खाली गेली. समोरच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस बराच वेळ उभा होता. ऊन नाही, पाऊस नाही, आणि त्याच्या हातात छत्री. तू म्हणशील, असेल कुणी. असेलच.

आणखी एका पानावर आहे की चोराला बरेचदा आतली माहिती असते, ओळखीतलंच कुणीतरी ती पुरवतं. मी दुपारी एकटा असतो, बहिरट आहे, दार उघडतो, हे कुणाला माहीत? जादा किल्ली कुणाकडे होती? मी नाव घेत नाही. फक्त विचारतो.

इस्त्रीबाईनं परवा नवं कुलूप पाहिलं. "छान आहे. मग द्या किल्ली माझ्याकडे."

"देतो की."

"म्हणजे नाही. तुमचं 'देतो की' मला पाठ आहे, बाइंडर." आणि हसत गेली खाली. कुणी इतकं हसत कसं जातं, मुंगे?

मामा

२१ मार्च

मामा,

घाईत लिहितेय, उत्तरपत्रिकांचा डोंगर पडलाय.

ते आकडे हजारो घरांचे आहेत रे, तुझ्या दारावर लिहिलेले नाहीत. घाबरून अर्धमेला होऊ नकोस. पण सावध राहायला हरकत नाही, म्हणून सांगते. दाराला बाहेरचं दिसेल असं भिंग बसवून घे. रोज ठरावीक वेळी ठरावीक गोष्ट करू नकोस. फिरायला जाण्याच्या वेळा बदल, बाजाराच्या बदल. आपला दिनक्रम दुसऱ्याला पाठ होऊ देऊ नये, एवढं साधं आहे.

किल्लीचं तू ठरव. माहितीतला माणूस निघतो हे खरं आहे, पण उगाच कुणावर संशयही घेऊ नये. समजून उमजून वाग.

परीक्षा आटोपली की येते.

मुंगी

२७ मार्च

मुंगे,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कधी सकाळी फिरायला जातो, कधी भर उन्हात, कधी जातच नाही. जेवण केव्हाही. भाजीवाल्यानं विचारलं, "बाबा, बरं नाही का?" म्हटलं, तुला काय करायचंय? रोजचं जे जे होतं ते ते मोडलं. सकाळचं पाइपाचंही बंद केलं.

भिंग बसवलं. त्यातून माणसं कशी दिसतात, पाहिलंयस कधी? नाक एवढं मोठं आणि हातपाय कुठल्या कुठे. त्यातून पाहिलं तर देवमाणूसही चोरच वाटेल.

दाराच्या चौकटीवर खडूची खूण दिसली, एक आडवी रेघ. पुसली. काल परत होती. की मी नीट पुसली नव्हती, हे आता आठवत नाही. जिन्यावर पावलं येतात आणि माझ्या मजल्याच्या अलीकडे थांबतात. मी भिंगाला डोळा लावेपर्यंत कुणी नसतं.

माझा लाकडी हातोडा आठवतो तुला? पुस्तकाचा कणा ठोकायचा, तू लहानपणी त्यानं शेंगा फोडायचीस. तो दाराच्या मागे ठेवलाय. आता येऊ दे कोण येतं ते. एकदा न्हाणीघरात बसलो, पुन्हा बसणार नाही.

मामा

५ एप्रिल

मुंगे,

पत्राला उशीर झाला. कळवण्यासारखं विशेष काही नाही.

मीटरवाला पकडला गेला. पलीकडच्या गल्लीत तीच नाटकं करताना सापडला. तुझ्या मामीचं घड्याळ त्याच्याकडेच मिळालं. हवालदार खूश आहे. मीही आहे.

इस्त्रीबाई जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. दुकान बंद आहे. वाईट झालं. हात म्हणजे तिचं पोट. मी रोज खाली जाऊन चौकशी करतो, म्हणजे दारापर्यंत जातो. तिला आवाज न करता जिना चढायची सवय आहे, ती बरी नव्हे. आपल्याकडे माणसं अशी मांजरासारखी येतात. तिनं हाक मारायला हवी होती. इतकंच.

तुझी पानं अजून शिवली नाहीत. दोरा चांगला मिळत नाही. तू यायची घाई करू नकोस, उन्हाळा कडक आहे.

मामा

९ एप्रिल

मामा,

तुझं पत्र तासभर समोर ठेवून बसलेय.

चोर सापडला आणि तू त्याला एवढ्याच ओळी दिल्यास. महिनाभर ज्याच्यासाठी झोपला नाहीस तो! आणि इस्त्रीबाईंबद्दल लिहिलंयस, पडली. पुढे लिहिलंयस, तिनं हाक मारायला हवी होती.

जिन्यावरून पडणारं माणूस हाक कशाला मारेल, मामा? आणि कुणाला?

मी काही चौकीतून बोलत नाहीये. तुझ्या मांडीवर बसून अक्षरं गिरवली आहेत, म्हणून विचारते. काय झालं?

मुंगी

१३ एप्रिल

मुंगे,

ती जिन्यावरून पडली नाही. मी मारलं.

ओळ लिहिली, आता पुढचं लिहितो.

तू म्हणालीस दिनक्रम मोड. मला वाटलं, त्या पाइपाचा आवाज साऱ्या इमारतीत जातो. ऐकणाऱ्याला कळतं की वर एक म्हातारा आहे आणि त्याला रोज सकाळी आपण जिवंत असल्याचं सांगावं लागतं. म्हणून बंद केलं. तिला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, तेही लिहितो. माझ्या मनात होतं की मीटरवाल्याला माझी दुपार तिनंच दाखवली. पुरावा काही नाही. तुझं ते एक पान आणि तिचं हसणं, एवढ्यावर.

ती खालून ठोकत होती. मी ऐकत होतो आणि गप्प बसत होतो. एक-दोन दिवस तिनं वाट पाहिली असेल. मग एका सकाळी दाराशी खरखर झाली. कुणीतरी कुलपात किल्ली घालत होतं. किल्ली लागत नव्हती, तरी फिरवत होतं. भिंगातून पाहिलं तर नुसतं डोकं दिसलं, खाली वाकलेलं. मी विचारलं नाही, कोण आहे म्हणून. साखळी काढली, दार खसकन ओढलं आणि समोर जो हात आला त्यावर हातोडा घातला.

हातात जुनी किल्ली होती. तिचीच. नवं कुलूप विसरून, घाबरून तीच घेऊन वर धावली होती.

ती पायरीवर बसली. मनगट छातीशी धरलं, वर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो बाइंडर, जिवंत आहात होय?"

मुंगे, मी हे वाक्य कुठे ठेवू?

डॉक्टरला तिनंच सांगितलं, जिन्यावरून पडले. मी शेजारी उभा होतो, मान हलवली.

इथवर झालं ते झालं. पुढे जे होऊ घातलंय त्याची मला खरी भीती आहे. हवालदार आला मीटरवाला सापडल्याचं सांगायला, आणि त्यानं प्लास्टर पाहिलं. कुठल्या दिवशी झालं, विचारलं. मग म्हणाला, "त्या दिवशी तो याच भागात होता. परतच आला असणार. एकदा लागलेलं घर पुन्हा लागतं, आजोबा, आमचा अनुभव आहे. बाई घाबरलीय, म्हणून पडले म्हणते. तुम्ही सांगा, तुम्ही पाहिलंत." हुबेहूब तुझं पान, मुंगे. त्यानं न वाचता म्हटलं.

मग खिशातून एक पारदर्शक पिशवी काढली. आत घड्याळ. "जबाब नीट झाला, सही झाली, की हे लवकर सुटेल असं मी बघतो."

मी म्हटलं, आठवून सांगतो. पुढच्या आठवड्यात चौकीत बोलावलंय.

आता तूच सांग. तो मीटरवाला काही संत नाही. मला कोंडलं त्यानं. त्याच्या पापांत एक हातोडा जास्तीचा गेला तर कुणाचं काय बिघडतं? बाई सुटते, मी सुटतो, घड्याळ घरी येतं. आणि खरं सांगायचं तर अजूनही जेवताना, उठता-बसता मनात तेच येतं. तिनं हाक मारायला हवी होती. एक हाक, बस. हवालदारानं मला विचारलं होतं दार का उघडलंत, तेव्हा मला त्याची मानगूट धरावीशी वाटली होती. आणि मी घरात बसून तेच विचारतोय.

लवकर लिही.

मामा

१७ एप्रिल

मामा,

तुझ्या हवालदाराची गोष्ट माझ्या प्रकरणात चपखल बसते. कुणी मला ती परीक्षेत लिहून दिली असती तर मी पुरे गुण दिले असते. म्हणूनच मला तिची भीती वाटते. बहुतेक वेळा काय होतं हे मला माहीत आहे. तुझ्या दारात काय झालं हे तुला माहीत आहे.

राखणारा कोण, हे मी तुला एका ओळीत सांगून पुढे पळाले होते. तुझी राखण करणारी रोज सकाळी खालून पाइप वाजवत होती, आणि मी उत्तरपत्रिका तपासता तपासता तुला लिहिलं, दिनक्रम मोड. संशयाचंही तसंच, ना धड हो, ना धड नाही. हातोडा तू मारलास, पण हेही मला सोडत नाही.

चौकीत काय सांगायचं ते तुझ्या हातात आहे. मी एवढंच म्हणेन की चोर असला म्हणून त्यानं न केलेलंही त्याच्या गळ्यात घालायचं नसतं. आणि एक विचारते. इस्त्रीबाईंना काय हवंय? डॉक्टरला त्यांनी तुझ्यासाठी सांगितलं, हवालदार स्वतःसाठी सांगतोय, तू स्वतःसाठी विचार करतोयस. त्यांना कुणी विचारलं का? माझ्याच प्रकरणात माणूस बळी कसा पडतो यावर पानंच्या पानं आहेत, आणि नंतर त्याला काय हवं असतं यावर जेमतेम एक परिच्छेद. ते मला नव्यानं लिहायला हवं.

चौकीत जायच्या आधी खाली जा. दारापर्यंत नको, आत जा.

मुंगी

२९ एप्रिल

मुंगे,

गेलो. आत गेलो.

ती बाकावर बसली होती. बाजूला शेल्फावर लोकांचे कपडे, बोचकी तशीच. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. हवालदाराचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं, आणि तिच्यावर संशय घेतला होता तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती असं तू म्हणशील. पण अर्धं सांगून मला निघता येईना.

हवालदाराचं, घड्याळाचं तिनं बसूनच ऐकलं. संशयाचं ऐकलं मात्र, उठून उभी राहिली. "हात बरा होईल, बाइंडर. पण तुम्ही मला चोरांत बसवलंत, ते कुठल्या डॉक्टरला दाखवू?"

तिनं प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं उचलून धरला.

"आणि मी वेडी! म्हातारा चौकीत जाऊन बसला तर सकाळी वरून ठोकणार कोण, म्हणून खोटं बोलले. आता वाटतं, बसू दे."

मी विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी परक्या भाषेत बोललो. मग म्हणाली, "तुम्ही खरं सांगून या. त्या मीटरवाल्याच्या आड मला लपवू नका. तुमच्यावर तक्रार करायची की नाही, ते माझं मी ठरवीन. तुम्ही माझ्या वतीनं काही ठरवायचं नाही. आणि शेल्फावरची ती बोचकी आधी खाली काढा, मला उचलता येत नाहीत."

बोचकी काढली आणि चौकीत गेलो. भिंत धरून चौकीच्या पायऱ्या चढलो. ओळख पटवायला आणलेला मीटरवाला बाकावर बसवलेला होता. मुंगे, किती लहान दिसत होता ग. माझ्या मनात तो दार भरून उरेल एवढा होता. त्यानं मला पाहून मान खाली घातली. हवालदार म्हणाला, "हाच?"

"हाच. यानं मला कोंडलं, रेडिओ नेला, घड्याळ नेलं. हातोडा याचा नाही."

"कसला हातोडा?"

"ज्यानं बाईचं मनगट मोडलं तो. तो माझा. मारला मी."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "आजोबा, उन्हातून आलात. जरा बसा, पाणी घ्या."

"पाणी नको. लिहून घ्या."

त्यानं मला बरंच समजावलं. वय काढलं, कोर्टाच्या फेऱ्या काढल्या, पिशवी टेबलावर आणून ठेवली. घड्याळ माझ्या हातापासून वीतभरावर होतं. काचेवरचा ओरखडासुद्धा दिसत होता, तुझ्या मामीनं चुलीजवळ आपटून पाडलेला. मी हात मागे बांधून बसलो. शेवटी वैतागला आणि लिहायला लागला. लिहिता लिहिता विचारतो, "पण बाई अशी गुपचूप किल्ली घालत होती, तर तिनं हाक मारायला नको?"

मुंगे, माझंच वाक्य. इतके दिवस ते माझ्या डोक्यात होतं, आता टेबलापलीकडून आलं. आणि मला एकदम कळलं की ते ऐकायला कसं लागतं.

मी म्हटलं, "तिला कशाला विचारता? मारणाऱ्याला विचारा. तो तुमच्या समोर बसलाय."

मीटरवाल्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हवालदारानंही पाहिलं. मग तो पुढे लिहीत गेला. मी सही केली. घड्याळ त्यांच्याकडेच राहिलं, केस संपेपर्यंत. ती माझ्या हयातीत संपली तर बघू.

माझं काय होणार ते अजून ठरलेलं नाही. बाईनं तक्रार दिलेली नाही, देणार नाही असंही म्हणालेली नाही. मी विचारलं नाही. रोज तिच्या दुकानात जातो. ती बाकावर बसते, मी इस्त्री फिरवतो. इतकी वर्षं कागदाला घडी घातली, वाटलं होतं कापडाचं काय मोठं. "कॉलर, बाइंडर, कॉलर! तो पुस्तकाचा पुठ्ठा नाही, दाबता कसले!" गिऱ्हाइकांसमोर बोलते. बोलू दे. एक शर्ट जाळला. त्या माणसाला तिनं सांगितलं, "जाळणारा हा इथे उभा आहे, त्याला बोला." तो बोलला.

भीती गेली म्हणशील, तर नाही. बेल वाजली की अजून आधी भिंगाला डोळा लावतो. पण पडदा काढलाय, घरात उजेड येतो. हातोडा परत अवजारांत ठेवला. नव्या कुलपाची एक किल्ली तिच्या दुकानातल्या खिळ्याला टांगून आलो. तिनं पाहिलं, पण काढून फेकली नाही.

चौकीतून आल्यापासून मी रोज सकाळी पाइपावर ठोकत होतो. खालून काही नाही. हात मोडलेला, असं मी मनाला सांगायचो. मग आठवायचं, डावा तर धड आहे की. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणते, "अजून मन होत नाही." मी म्हटलं, बरं. ठोकत राहिलो.

आज सकाळी उठायला उशीर झाला. अंग जड होतं, पडून राहिलो होतो. आणि न्हाणीघरातून आवाज आला. नेहमीसारखा खणखणीत नाही, बसका, घोगरा. कुणी पोत्यानं पाइप बडवावा तसा. आधी घाबरलो. मग कळलं, ती प्लास्टर आपटत होती. हाड पुन्हा मोडून घेईल म्हातारपणी, या विचारानं मी धडपडत उठलो. चमचा सापडेना. इकडे शोधला, तिकडे शोधला, खालून ठोकणं वाढत चाललेलं.

शेवटी बोटांच्या पेरांनीच वाजवलं.

तुझी पानं शिवलेली नाहीत. तुला तो परिच्छेद वाढवायचाय ना, तो आला की मग सगळी एकत्र शिवीन.

मामा